६४-बिट प्रोसेसर, ३२-बिट फर्मवेअर: वाचनालयाच्या टू-इन-वन उपकरणांवर डेबियन बसवण्याच्या नोंदी

१२ नोव्हेंबर २०२२, शनिवार

सातारा जिल्ह्यातील एका सार्वजनिक वाचनालयाला देणगी म्हणून मिळालेली बारा टू-इन-वन (टॅबलेट आणि लॅपटॉप दोन्ही म्हणून वापरता येणारी) उपकरणे आज ताब्यात घेतली. सर्व उपकरणे एकाच बनावटीची आहेत. प्रत्येकात इंटेलचा ॲटम झेड३७३५एफ हा २०१४ च्या बे ट्रेल पिढीतील चार गाभ्यांचा प्रोसेसर, २ जीबी रॅम आणि ३२ जीबी ईएमएमसी (आतच पक्की बसवलेली फ्लॅश) साठवण आहे. मूळची ३२-बिट विंडोज ८.१ पुढे विंडोज १० पर्यंत वाढवलेली होती. आता साठवण इतकी भरली आहे की मोठा अपडेट उतरवून घ्यायलाही जागा उरलेली नाही. विंडोज ११ चा विचार करण्याचे कारणच नाही, कारण तिला किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी साठवण आणि टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते.

स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या मुलामुलींना पीडीएफ वाचता यावे, मराठीत टंकलेखन करता यावे आणि ऑनलाइन अर्ज भरता यावेत, एवढीच वाचनालयाची अपेक्षा आहे. एवढ्या कामाला हा प्रोसेसर आजही पुरेसा आहे, असे माझे ठाम मत आहे. चालू स्थितीतील यंत्र केवळ मूळ प्रणालीने साथ सोडली म्हणून भंगारात जाऊ नये, यासाठी त्यांवर लिनक्स ही मोफत प्रणाली बसवण्याचा हा खटाटोप हाती घेतला आहे.

कामाला हात घालण्यापूर्वी एका उपकरणाच्या संपूर्ण ईएमएमसीची प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर घेऊन ठेवली. अशा उपकरणांसाठी मूळ ड्रायव्हर वेगळे मिळणे दुरापास्त असते, त्यामुळे परतीची वाट मोकळी ठेवणे आवश्यक वाटले.

१३ नोव्हेंबर २०२२, रविवार

लुबुंटू २२.०४ या हलक्या लिनक्स प्रणालीचा पेनड्राइव्ह लावून पाहिला. फर्मवेअरच्या (यंत्र सुरू होताच सर्वांत आधी चालणाऱ्या अंगभूत प्रोग्रामच्या) बूट यादीत तो दिसतच नाही. सिक्युअर बूट बंद केले, फास्ट बूट बंद केले, पेनड्राइव्ह बदलला, तरी फरक पडला नाही. हाच पेनड्राइव्ह माझ्या लॅपटॉपवर मात्र व्यवस्थित सुरू होतो.

याचे कारण पेनड्राइव्हच्या ‘ईएफआय/बूट’ या फोल्डरात सापडते. त्यात ‘बूटएक्स६४.ईएफआय’ ही ६४-बिट फाइल आहे, ‘बूटआयए३२.ईएफआय’ नाही. या उपकरणाचा प्रोसेसर ६४-बिट असला तरी फर्मवेअर ३२-बिट आहे, कारण कारखान्यातून त्यावर ३२-बिट विंडोजच दिली गेली होती. यूईएफआय या प्रकारचे फर्मवेअर स्वतःच्याच बिटांचा बूटलोडर (प्रणाली सुरू करून देणारा छोटा प्रोग्राम) चालवू शकते. त्यामुळे ज्या माध्यमावर आपल्याला समजेल अशी एकही फाइल नाही, त्या माध्यमाची ते दखलच घेत नाही. वापरणाऱ्याला वाटते की पेनड्राइव्ह खराब आहे किंवा पोर्ट गेला आहे. प्रत्यक्षात दोन्ही शाबूत असतात.

यातून एक पर्याय सरळ ३२-बिट लिनक्स बसवण्याचा निघतो, पण तो मी बाजूला ठेवला. लुबुंटू ज्यात मोडते त्या उबुंटू कुटुंबाने ३२-बिट प्रतिमा (पेनड्राइव्हवर लिहायच्या स्थापना-फाइली) कधीच बंद केल्या आहेत आणि ब्राउझरसारख्या रोज लागणाऱ्या प्रोग्रामच्या ३२-बिट आवृत्त्याही एकेक करून मागे पडत आहेत. लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे प्रणालीच्या गाभ्यात, २०१४ साली, ३.१५ या आवृत्तीपासून, ३२-बिट यूईएफआयवरून ६४-बिट कर्नल सुरू करण्याची सोय आलेली आहे. तेव्हा बूटलोडर ३२-बिट आणि त्यापुढचे सर्व काही ६४-बिट, अशी रचना करायचे ठरवले.

१९ नोव्हेंबर २०२२, शनिवार

डेबियन ११ या लिनक्स प्रणालीची, ३२-बिट व ६४-बिट अशा दोन्ही वास्तुरचनांसाठीची, वायफायसारख्या भागांच्या फर्मवेअर फाइल्स समाविष्ट असलेली प्रतिमा वापरली. तिच्यात दोन्ही प्रकारचे बूटलोडर आहेत आणि फर्मवेअरच्या यादीत ती लगेच दिसली.

उपकरणाला पूर्ण आकाराचा एकच यूएसबी पोर्ट आहे, म्हणून स्वतंत्र वीजपुरवठा असलेला हब घेऊन त्यावर कीबोर्ड, माउस आणि पेनड्राइव्ह जोडले. वीजपुरवठा नसलेल्या हबवर पेनड्राइव्ह मध्येच तुटत होता आणि इन्स्टॉलर फाइल वाचता येत नसल्याची तक्रार करत होता. ज्यांना असे काम करायचे आहे त्यांनी हबवर पैसे वाचवू नयेत.

इन्स्टॉलर सुरू असताना दुसऱ्या कन्सोलवर जाऊन ‘सिस/फर्मवेअर/ईएफआय’ या फोल्डरातील ‘एफडब्ल्यू_प्लॅटफॉर्म_साइज’ ही फाइल उघडली. तिच्यात ३२ हा आकडा आहे. गेल्या आठवड्यातील अनुमानाला हा थेट पुरावा मिळाला. इन्स्टॉलरनेही ही बाब आपणहून ओळखली आणि ६४-बिट प्रणालीसोबत ‘ग्रब-ईएफआय-आयए३२’ हे, म्हणजे ग्रब या बूटलोडरचे ३२-बिट, पॅकेज निवडले.

वायफायची चिप रिअलटेक आरटीएल८७२३बीएस आहे. तिचा ड्रायव्हर कर्नलमध्ये आहेच आणि लागणारे फर्मवेअर प्रतिमेत मिळाले, त्यामुळे या बाबतीत वेगळे काही करावे लागले नाही.

२० नोव्हेंबर २०२२, रविवार

स्थापना विनातक्रार पूर्ण झाली, पण पेनड्राइव्ह काढून पुन्हा सुरू केल्यावर उपकरण थेट फर्मवेअरच्या सेटिंगच्या पडद्यावर येऊन थांबते. ग्रबचा मेनू नाही, कर्नलची एकही ओळ नाही, म्हणजे अडचण ग्रबच्या आधीच्या टप्प्यात आहे.

इन्स्टॉलरच्या रेस्क्यू मोडमधून पाहिले. ईएफआय विभाजनात ‘ईएफआय/डेबियन’ या फोल्डरात ‘ग्रबआयए३२.ईएफआय’ व्यवस्थित आहे. ‘ईएफआयबूटएमजीआर’ या बूट नोंदी दाखवणाऱ्या आज्ञेने विचारले असता फर्मवेअरच्या स्मृतीत डेबियनची नोंद मात्र सापडत नाही. ती नव्याने घातली की त्या सत्रात दिसते आणि पुन्हा सुरू केले की नाहीशी होते. याचा अर्थ हे फर्मवेअर आपल्याला दिलेली नोंद जपून ठेवत नाही. ते ठरावीक जागीच बूटलोडर शोधते आणि त्यांतली एक जागा म्हणजे ‘ईएफआय/बूट/बूटआयए३२.ईएफआय’, जी प्रमाणकानुसार काढता येण्याजोग्या माध्यमांसाठी राखलेली आहे.

डेबियनच्या रेस्क्यू मोडमध्ये नेमका यासाठीच एक पर्याय दिलेला आहे: ग्रबची एक प्रत या राखीव मार्गावर सक्तीने बसवणे. तो निवडला, पेनड्राइव्ह काढला आणि उपकरण सुरू केले. ग्रबचा मेनू आला.

फर्मवेअरच्या विसराळूपणाशी भांडत बसून रोज नवी नोंद घालणाऱ्या स्क्रिप्ट लिहिणारेही आहेत. मला तो मार्ग पटत नाही. जे फर्मवेअर बदलणे आपल्या हाती नाही, ते जिथे बघते तिथेच फाइल ठेवणे अधिक टिकाऊ आहे.

२६ नोव्हेंबर २०२२, शनिवार

आजचा दिवस काळ्या पडद्याने घेतला. ग्रबचा मेनू येतो, डेबियन निवडले की कर्नलच्या काही ओळी सरकतात आणि मग पडदा काळा होतो तो काळाच राहतो. नेहमीच्या सल्ल्याप्रमाणे ‘नोमोडसेट’ हा शब्द कर्नलच्या ओळीत जोडला की चित्र दिसते, पण ते ग्राफिक्स ड्रायव्हरशिवाय. अशा स्थितीत पीडीएफचे पान सरकवतानाही यंत्र धापा टाकते. म्हणून तो उपाय निदानापुरता ठेवला, कायमचा म्हणून स्वीकारला नाही.

पहिला प्रश्न असा होता की यंत्र थांबले आहे की चालू आहे. कीबोर्डवरचे कॅप्स लॉक दाबले की त्याचा दिवा लागतो आणि विझतो, म्हणजे कर्नल जिवंत आहे. थोड्या वेळाने वाचनालयाच्या राउटरवर या उपकरणाला आयपी पत्ता मिळाल्याचे दिसले, म्हणजे प्रणाली पूर्ण सुरू झालेली आहे. मग खोलीतले दिवे मालवून मोबाइलची विजेरी पडद्यावर तिरकी धरली. काचेच्या आत, अगदी पुसट, लॉगिनची चौकट आणि तिच्यातली वापरकर्त्याच्या नावाची अक्षरे वाचता आली! चित्र तयार होत होते. त्यामागचा प्रकाश तेवढा बंद होता.

इथून पुढचे निदान सोपे गेले. लॅपटॉपवरून एसएसएचने, म्हणजे नेटवर्कवरून, आत शिरून कर्नलच्या नोंदी चाळल्या, तेव्हा ‘आय९१५’ या ग्राफिक्स ड्रायव्हरची तक्रार सापडली की त्याला एसओसीची (प्रोसेसरच्या एकत्रित चिपची) पीडब्ल्यूएम (वीज झपाट्याने चालू-बंद करून प्रकाश कमीजास्त करणारी) चिप मिळाली नाही. बे ट्रेलच्या अनेक टॅबलेटमध्ये पडद्यामागच्या प्रकाशाची तीव्रता ग्राफिक्स भाग स्वतः ठरवत नाही. ती प्रोसेसरच्याच चिपवरील एका वेगळ्या पीडब्ल्यूएम नियंत्रकाकडून ठरते आणि त्या नियंत्रकाचा ड्रायव्हर ‘पीडब्ल्यूएम-एलपीएसएस-प्लॅटफॉर्म’ या नावाने स्वतंत्र मोड्यूल म्हणून असतो. सुरुवातीचे चित्र दाखवणाऱ्या प्लिमथमुळे ‘आय९१५’ इनिटरॅमएफएसमध्ये, म्हणजे मूळ विभाजन जोडले जाण्यापूर्वीच्या तात्पुरत्या फाइलप्रणालीत, समाविष्ट होतो. पीडब्ल्यूएमचे मोड्यूल मात्र त्यात नसते. ग्राफिक्स ड्रायव्हर जागा होऊन नियंत्रक मागतो, त्या क्षणी तो उपलब्ध नसतो, आणि प्रकाशाचा ताबा कोणाकडेच जात नाही.

‘ईटीसी/इनिटरॅमएफएस-टूल्स/मोड्यूल्स’ या फाइलीत आधी ‘पीडब्ल्यूएम-एलपीएसएस’, मग ‘पीडब्ल्यूएम-एलपीएसएस-प्लॅटफॉर्म’ आणि त्यानंतर ‘आय९१५’ अशा तीन ओळी लिहिल्या, ‘अपडेट-इनिटरॅमएफएस’ चालवले आणि पुन्हा सुरू केले. लॉगिनचा पडदा लख्ख दिसला आणि प्रकाश कमीजास्त करणारी पट्टीही काम करू लागली.

ग्रंथपाल मॅडम शेजारीच बसून होत्या. त्यांनी विचारले, “सर, म्हणजे हे सगळे चालूच होते, नुसते दिसत नव्हते?” अगदी तसेच होते. म्हणूनच काळा पडदा दिसला की बूट झाले नाही असा निष्कर्ष काढण्यापूर्वी कॅप्स लॉक, राउटर आणि विजेरी या तीन तपासण्या करायच्या, असे या प्रकल्पापुरते ठरवून टाकले आहे.

३ डिसेंबर २०२२, शनिवार

आणखी काही उपकरणांवर हीच पद्धत वापरली आणि ती सुरळीत सुरू झाली. क्रमांक ७ चे उपकरण मात्र बूट होताना गोठते. इथे कॅप्स लॉकचा दिवा प्रतिसाद देत नाही, म्हणजे हा प्रकार गेल्या आठवड्यातील काळ्या पडद्यापेक्षा वेगळा आहे.

‘क्वाएट’ हा शब्द काढून सर्व ओळी पडद्यावर येऊ दिल्या, तेव्हा एक महत्त्वाची गोष्ट लक्षात आली: ते दर वेळी वेगळ्या ओळीवर थांबते. कधी यूएसबी ओळखताना, कधी वायफाय सुरू होताना, तर कधी डेस्कटॉप आल्यानंतर. एखादी फाइल बिघडलेली असती किंवा ड्रायव्हर चुकीचा असता, तर थांबण्याची जागा बहुधा एकच राहिली असती. जागा बदलत असेल तर संशय वेळ आणि वीज यांच्याशी संबंधित भागावर घ्यावा लागतो.

बे ट्रेलच्या बाबतीत या संशयाला जुना आधार आहे. प्रोसेसर रिकामा असताना खोल निद्रावस्थेत जातो, ज्यांना सी-स्टेट म्हणतात, आणि त्या अवस्थांच्या अदलाबदलीत यंत्र गोठण्याची तक्रार कर्नलच्या दोषनोंदवहीत १०९०५१ या क्रमांकाने २०१५ पासून नोंदलेली आहे. पुढच्या कर्नलमध्ये त्यावर बरीच दुरुस्ती झाली आणि आमची बाकीची उपकरणे ५.१० कर्नलवर त्या तक्रारीविना चालतात. तरीही पडताळणीसाठी क्रमांक ७ च्या कर्नल ओळीत ‘इंटेल_आयडल.मॅक्स_सीस्टेट=१’ असे जोडले. उपकरण संध्याकाळपर्यंत व्हिडिओ चालवत ठेवले, मध्ये मध्ये पुन्हा सुरू केले, ते गोठले नाही. जोड काढली की पुन्हा गोठते आणि घातली की गोठणे थांबते, हेही तपासले; अशी उलटसुलट खात्री केल्याशिवाय एखाद्या पर्यायाला उपाय म्हणणे मला योग्य वाटत नाही.

हा पर्याय सर्व उपकरणांवर सरसकट घालण्याचा मोह होतो, पण तो टाळला. खोल निद्रा बंद केल्याने प्रोसेसर रिकामा असतानाही जास्त वीज घेतो आणि बॅटरी लवकर उतरते. ज्या यंत्राला गरज आहे त्यालाच औषध द्यावे. क्रमांक ७ च्या मागच्या बाजूला तशी चिठ्ठी चिकटवली असून ते उपकरण चार्जरजवळच्या टेबलावर राहील.

१० डिसेंबर २०२२, शनिवार

साठवण अपुरी असल्यामुळे प्रत्येक उपकरणात ३२ जीबीचे मायक्रोएसडी कार्ड घालून त्यावर वाचनसाहित्य ठेवायचे आहे. आज एका उपकरणावर कार्डाची नोंद ‘ईटीसी/एफएसटॅब’ या, बूट होताना जोडायच्या साठवणींच्या यादीत साधनाच्या नावाने, म्हणजे ‘एमएमसीबीएलके१पी१’ अशी घालून पाहिली. काही वेळा बूट नीट होते. काही वेळा सिस्टमडी (प्रणालीतील सर्व सेवा सुरू करणारा प्रोग्राम) त्या नावाच्या साधनाची दीड मिनिट वाट पाहते आणि मग आणीबाणीच्या मोडमध्ये जाते. तिथेही रूट (सर्वाधिकारी) खाते कुलूपबंद असल्यामुळे कन्सोल मिळणार नाही, असा संदेश येतो.

या उपकरणात एमएमसीचे तीन नियंत्रक आहेत: एक ईएमएमसीसाठी, एक कार्डासाठी आणि तिसरा एसडीआयओ या जोडणीवर बसलेल्या वायफायसाठी. कर्नल त्यांना ज्या क्रमाने भेटतो त्या क्रमाने क्रमांक देतो आणि तो क्रम दर बूटला तसाच राहील याची हमी नाही. आज जे कार्ड १ आहे ते उद्या ० किंवा २ असू शकते. मूळ विभाजनाची नोंद इन्स्टॉलरने यूयूआयडीने (विभाजनाच्या स्वतःच्या न बदलणाऱ्या ओळखक्रमांकाने) केलेली असल्यामुळे त्याला या अदलाबदलीची झळ लागत नाही.

कुलूपबंद कन्सोलमधून बाहेर पडण्यासाठी ग्रबच्या मेनूत ‘ई’ दाबून कर्नलच्या ओळीच्या शेवटी ‘आरडब्ल्यू इनिट=/बिन/बॅश’ असे लिहिले, कंट्रोल-एक्स दाबून बूट केले आणि ‘एफएसटॅब’ दुरुस्त केली. कार्डाची नोंद आता यूयूआयडीने केली असून तिच्यात ‘नोफेल’ (कार्ड नसले तरी बूट न अडवण्याची सूचना) आणि दहा सेकंदांची वेळमर्यादा जोडली आहे. वाचनालयात कोणीतरी केव्हातरी कार्ड काढणार, हे गृहीतच धरले पाहिजे. त्या दिवशीही उपकरण सुरू व्हायला हवे. कार्ड काढून, उलटे घालून, नंतर पुन्हा नीट घालून तपासले. तिन्ही स्थितींत डेस्कटॉप येतो.

१८ डिसेंबर २०२२, रविवार

आज सुरू होणारी यंत्रे पुढच्या अपडेटनंतरही सुरू होतील का, हा प्रश्न सुरुवातीपासून मनात होता. त्याला ठोस कारण आहे. जुलै २०२० मध्ये ग्रबमधील ‘बूटहोल’ ही सुरक्षात्रुटी जाहीर झाल्यावर सर्व प्रमुख लिनक्स वितरणांनी नवा ग्रब पाठवला, आणि अनेकांच्या यंत्रांवर ‘ग्रब_कॅलॉक हे चिन्ह सापडले नाही’ अशा अर्थाचा संदेश येऊन बूट तिथेच थांबले. ग्रबची मोड्यूल्स नवी झाली होती, पण फर्मवेअर ज्या जागेवरून ग्रबचा गाभा उचलत होते तिथली प्रत जुनीच राहिली होती. आमची सर्व उपकरणे राखीव मार्गावरच्या प्रतीवर अवलंबून असल्यामुळे हा धोका त्यांना अधिकच आहे.

डेबियनमध्ये त्यासाठी तजवीज आहे. ‘डीपीकेजी-रिकॉन्फिगर ग्रब-ईएफआय-आयए३२’ चालवल्यावर येणाऱ्या प्रश्नांपैकी एक, ग्रबची अतिरिक्त प्रत काढता येण्याजोग्या माध्यमाच्या मार्गावर सक्तीने बसवायची का, असा असतो. त्याला ‘हो’ म्हटले की पुढच्या प्रत्येक ग्रब अपडेटबरोबर ती प्रतही ताजी होते. उत्तर नोंदवले गेल्याची खात्री करण्यासाठी पॅकेज पुन्हा बसवले आणि ‘बूटआयए३२.ईएफआय’चा दिनांक व वेळ बदलल्याचे पाहिले. योगायोगाने कालच डेबियन ११.६ जाहीर झाले आहे, त्यामुळे पूर्ण अपडेट करून प्रत्यक्ष परीक्षाही घेता आली. नव्या कर्नलसह उपकरण सुरू झाले आणि पडद्याचा प्रकाशही शाबूत राहिला, म्हणजे इनिटरॅमएफएसमधल्या तीन ओळी नव्या कर्नललाही लागू झाल्या.

७ जानेवारी २०२३, शनिवार

एका उपकरणाची घडी बसल्यावर त्याची प्रतिमा उरलेल्या उपकरणांवर उतरवायला घेतली. इथे दोन बाबी सांभाळाव्या लागल्या. बाहेरून सारख्या दिसणाऱ्या उपकरणांतील ईएमएमसीचा नेमका आकार सारखा नाही. काहींत चिप वेगळ्या उत्पादकाची आहे आणि ती थोडी लहान आहे. म्हणून मूळ विभाजन आधीच दोन जीबीने आखूड करून मग प्रतिमा घेतली आणि उतरवल्यानंतर ‘एसजीडिस्क’ने जीपीटी या विभाजन-तक्त्याची शेवटची प्रत योग्य जागी हलवली. दुसरे म्हणजे मशीन-आयडी आणि एसएसएचच्या किल्ल्या प्रत्येक उपकरणावर नव्याने तयार केल्या, नाहीतर राउटर सर्वांना एकच समजण्याची शक्यता असते.

मराठीसाठी आयबस (टंकलेखनाचा प्रोग्राम) आणि त्यावर इनस्क्रिप्ट ही कीबोर्ड मांडणी, सोबत नोटो देवनागरी टंक. दोन मुलींनी लगेच बसून अर्जाचा नमुना टंकून पाहिला.

८ जानेवारी २०२३, रविवार

अकरा उपकरणे आज वाचनालयाच्या स्वाधीन केली. क्रमांक ११ अजून माझ्याकडे आहे. ते बूट होते, डेस्कटॉप येतो, पण ब्राउझर प्रत्येक संकेतस्थळाचे प्रमाणपत्र नाकारतो आणि ‘एपीटी’ हे पॅकेज बसवणारे साधन म्हणते की रिलीज फाइल अजून वैध झालेली नाही. बॅटरी पूर्ण उतरली की त्याचे घड्याळ काही वर्षे मागे जाते, एवढाच दोष आहे. मनुष्याने दर वेळी तारीख लावत बसू नये म्हणून घड्याळ इंटरनेटवरून जुळवणारे ‘सिस्टमडी-टाइमसिंकडी’ सुरू करून ठेवले आहे. वायफाय जोडले जाताच घड्याळ जागेवर येते, पण त्यासाठी वायफायची जोडणी लॉगिनपूर्वीच व्हायला हवी. नेटवर्क मॅनेजरमध्ये ती जोडणी ‘सर्व वापरकर्त्यांसाठी’ अशी बदलली आहे. बॅटरी पूर्ण उतरवून तपासायचे राहिले आहे. ते झाले की पुढच्या शनिवारी क्रमांक ११ पोहोचते करीन.